पाहुणा किती दिवसांचा? कोरेगाव पार्क, गोवा आणि पासपोर्टवरचे १८० दिवस

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी उतारा. बोलताना वाकडी गेलेली वाक्यं सरळ केली आहेत, बाकी तसंच ठेवलंय.

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून आला. घोडेगाव, मंचर, नारायणगाव, जुन्नर या आपल्या पट्ट्यातली पोरं-पोरी अमेरिकेत नोकरीला आहेत. आई-बाबा पहिल्यांदाच तिकडं जातात, बहुतेकदा नातवंड होणार म्हणून. तिथल्या विमानतळावर सहा महिने मिळतात. मग कुणीतरी विचारतं, "सहा महिने संपायच्या आत गाडीनं कॅनडाला चार दिवस जाऊन आलो, तर आईला परत नवे सहा महिने मिळतात ना? एक जण म्हणाला, मिळतात."

उत्तर देणार आहे. पण आधी इतिहास. कारण सीमा ओलांडायची, नवा शिक्का घ्यायचा आणि दिवसांची मोजणी परत शून्यावर आणायची, हा खेळ काही आजचा नाही. त्याचे दोन मोठे अंक आपल्या पुण्यात आणि शेजारच्या गोव्यात झालेत. ते ऐकले की कॅनडाचं कोडं निम्मं सुटतं.

पहिली गोष्ट म्हणजे परक्या माणसाचे दिवस मोजणं ही पद्धत फार जुनी नाही. सीमा जुन्या आहेत, दिवसांची मोजणी नवी. मी आहुप्याचा. आमच्या कड्यावर उभं राहिलं की समोर गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके आणि खाली ठाणे जिल्ह्यातला मुरबाड तालुका दिसतो. पाऊलवाट उतरली की खोपिवली. आज ती नुसती जिल्ह्याची हद्द आहे. वर चढून येणाऱ्या ट्रेकरला कोणी काही विचारत नाही, फार तर "जेवायला किती जण?" एवढंच. आता उत्तरेला जुन्नरच्या नाणेघाटात जा. सातवाहनांच्या काळात जुन्नर आणि कोकणातली बंदरं यांच्यातला व्यापार या वाटेनं चालायचा. घाटाच्या तोंडाशी तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असत असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. जकात मालावर असते. बैलाच्या पाठीवर काय आहे, हे तिथं महत्त्वाचं. तू परत कधी जाणार, हा प्रश्न जकातीच्या नाक्यावर येतच नाही.

तो प्रश्न आला पहिल्या महायुद्धात. त्याआधी युरोपच्या बऱ्याच भागात पासपोर्टशिवाय प्रवास करता येत होता. १९१४ मध्ये युद्ध पेटलं, हेरांची भीती पसरली आणि देशांनी 'तात्पुरती' म्हणून कागदपत्रं सक्तीची केली. युद्ध संपलं, कागद राहिले. (तात्पुरती म्हणून केलेली सोय कायमची होते, हे प्रॉडक्शनमध्ये काम करणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको.) १९२० मध्ये पॅरिसला राष्ट्रसंघाची पासपोर्टविषयक परिषद भरली. त्याच वर्षी इंग्रज सरकारनं भारतात प्रवेशासाठी पासपोर्टचा कायदा केला. मग १९३९ मध्ये परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा कायदा आला आणि १९४६ मध्ये 'फॉरेनर्स अ‍ॅक्ट'. स्वातंत्र्यानंतर आपण हे तिन्ही कायदे जवळजवळ तसेच पुढं चालवले. त्यातून आपल्या ओळखीचे आकडे आले. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसानं पोहोचल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची. जिथं तो उतरेल, त्या हॉटेलनं किंवा घरमालकानं २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचं.

या सगळ्या आकड्यांमागं एकच अडचण आहे. सरकारला खरं तर हेतू जाणून घ्यायचा असतो, म्हणजे हा फिरायला आलाय की राहायला. पण हेतू दिसत नाही, तो कुठल्या यंत्रात स्कॅन होत नाही. दिवस मात्र मोजता येतात. म्हणून हेतूच्या ऐवजी दिवस मोजले जातात. आणि दिवस मोजायला लागलं की लोक दिवसांशी खेळायला लागतात.

आता चला कोरेगाव पार्कात.

१९७४ च्या मार्चमध्ये रजनीशांचा आश्रम पुण्यात सुरू झाला. तेव्हा ते 'ओशो' नव्हते, ते नाव अगदी शेवटी आलं. दोन-चार वर्षांत झाडांच्या सावलीतल्या त्या शांत बंगल्यांच्या भागात भगवी वस्त्रं घातलेले जर्मन, ब्रिटिश, अमेरिकन, इटालियन असे हजारो लोक येऊ लागले. पुणेकरांचं कुतूहल, राग, टिंगल, भाड्यानं खोल्या देण्याचा धंदा, हे सगळं एकदमच चाललं. आपल्या विषयापुरता प्रश्न हा की ही माणसं कागदावर कोण होती? बरेचसे पर्यटक. पण ध्यान शिकायला येऊन महिनोन् महिने राहणारा, आश्रमात काम करणारा, इथंच मित्र जोडणारा माणूस पर्यटक कसा?

जनता सरकारच्या काळात, मोरारजी देसाई पंतप्रधान असताना, सरकारनं यावर उपाय काढला. ज्यांनी आपलं मुख्य ठिकाण म्हणून हा आश्रम लिहिलं, त्यांना व्हिसा देणं थांबवलं. बरं, अशा नियमाचा परिणाम काय होतो? ज्यानं खरं लिहिलं तो अडकला. ज्यानं 'ताजमहाल बघायला' असं लिहिलं तो आला. हेतूबद्दल सरळ प्रश्न विचारला की खोटं उत्तर स्वस्त होतं, हा धडा तेव्हाच मिळाला होता. त्यातून ब्रिटिशांसारख्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना भारतात यायला तेव्हा व्हिसाच लागत नव्हता. ती सवलत १९८४ मध्ये, पंजाबातल्या अशांततेच्या काळात, गेली. आणि दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, ब्रिटननंही भारतीयांना व्हिसा सक्तीचा केला.

पण गंमत पुढंच आहे. शिष्यांच्या बाबतीत जे झालं, तेच गुरूच्या बाबतीत उलट्या दिशेनं झालं.

१९८१ च्या जूनमध्ये रजनीश अमेरिकेत गेले. पर्यटक व्हिसावर, कारण दिलं होतं उपचारांचं. महिन्याभरानं, जुलैमध्ये, त्यांच्या संस्थेनं ओरेगन राज्यात ६४ हजार एकरांहून मोठी जागा विकत घेतली आणि ऑगस्टअखेर ते तिथं राहायला गेले. आता तुम्हीच सांगा, उपचारांसाठी आलेल्या पाहुण्याच्या मागं ६४ हजार एकर दिसले तर इमिग्रेशनचा अधिकारी काय विचार करेल? पुढं त्यांनी धर्मगुरू म्हणून कायम राहण्यासाठी अर्ज केला. १९८२ च्या अखेरीस तो फेटाळला गेला. तेव्हा ते मौनात होते. अधिकाऱ्यांचा मुद्दा असा की तब्येत बरी नाही आणि बोलतही नाहीत, मग हे धर्म शिकवणार कसे? वाद पुढं काही वर्षं चालला.

रजनीशपुरममध्ये घडलेल्या बाकीच्या गोष्टी, विषप्रयोग वगैरे, यांवर माहितीपट येऊन गेलेत, आपण तिकडं जात नाही. ऑक्टोबर १९८५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात विमानातच त्यांना अटक झाली. शेवटी तडजोड झाली ती दोन आरोपांवर. एक, शिष्यांची खोटी लग्नं लावून त्यांना अमेरिकेत राहण्याचा हक्क मिळवून देण्याचा कट. आणि दुसरा, नीट ऐका, १९८१ मध्ये व्हिसा मागताना कायम राहण्याचा हेतू लपवला. ही 'आल्फोर्ड प्ली' होती, म्हणजे गुन्हा कबूल न करता शिक्षा स्वीकारणं. चार लाख डॉलर भरायचे, देश सोडायचा, निदान पाच वर्षं परवानगीशिवाय परत यायचं नाही.

एवढं मोठं प्रकरण, आणि कोर्टात स्वतः रजनीशांच्या गळ्यात पडलं ते काय? पर्यटकाच्या फॉर्मवरचा हेतू. मला यात रजनीशांबद्दल कळवळा नाही, पण त्या फॉर्मच्या ताकदीचं नवल जरूर वाटतं.

आणि मग आला तो प्रवास, जो मला या सगळ्या गोष्टीचा गाभा वाटतो. १७ नोव्हेंबर १९८५ ला ते दिल्लीला उतरले, तिथून हिमाचलात गेले. पण सोबतच्या परदेशी शिष्यांचे व्हिसा भारत सरकारनं रद्द केले. गुरू भारतीय, त्यांना कोण हलवणार? पण सांभाळणारी माणसं परदेशी. म्हणून सगळा लवाजमा काठमांडूला गेला. तिथून फेब्रुवारी १९८६ मध्ये ग्रीसच्या क्रीट बेटावर. मार्चच्या सुरुवातीला तिथं अटक आणि हकालपट्टी. विमान जिनिव्हाला, नाही म्हणाले. स्टॉकहोम, नाही. लंडनचं हीथ्रो, नाही. कॅनडानं तर उतरायलाच परवानगी दिली नाही. आयर्लंडनं लिमरिकच्या एका हॉटेलात दोन आठवडे राहू दिलं, अट अशी की बाहेर पडायचं नाही, प्रवचन द्यायचं नाही. मग माद्रिद, तिथं पोलिसांनी विमानाला वेढा घातला. डाकारमध्ये एक रात्र. ब्राझीलमधून उरुग्वे. तिथं काही महिने मिळाले आणि जूनमध्ये 'आपण आता निघावं' असं सांगण्यात आलं. जमैकाचा दोन आठवड्यांचा व्हिसा हातात होता. किंग्स्टनला उतरल्यावर पोलिसांनी बारा तास दिले.

हातात व्हिसा असून बारा तास! हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी. आत घ्यायचं की नाही, आणि किती दिवस, हे दारातला माणूस ठरवतो.

३० जुलै १९८६ ला ते मुंबईला परतले, जानेवारी १९८७ मध्ये पुण्यात. साऱ्या जगात एकच देश असा होता जो त्यांना दारातून परत पाठवू शकत नव्हता, कारण तिथले ते नागरिक होते. १९९० च्या १९ जानेवारीला कोरेगाव पार्कातच त्यांचं निधन झालं. परदेशी शिष्य मात्र येत राहिले आणि दिवस मोजत राहिले.

आता गोवा. तिथं थोडं थांबू, कारण तिथं नियमाची गाठ जास्त गमतीशीर बसलीय.

साठच्या दशकाच्या शेवटापासून हणजूण, कळंगुट, हरमल या किनाऱ्यांवर परदेशी लोक हिवाळा काढायला येत आले. पुढं त्यात निवृत्त ब्रिटिश आले, ज्यांना पेन्शनमध्ये तिकडच्या थंडीपेक्षा इथलं ऊन परवडायचं. काहींनी घरं घेतली. आता परकीय चलनाचा कायदा, म्हणजे १९९९ चा 'फेमा', काय सांगतो? इथं जागा घ्यायची तर परदेशी माणूस 'भारतात राहणारा' असला पाहिजे. आणि राहणारा कोण, तर आधीच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा जास्त राहिलेला. पण पर्यटक व्हिसावर एका वेळी राहायची मुदत किती? १८० दिवस.

बघा हं. १८० आणि १८२. मध्ये दोन दिवसांचं अंतर. एक दार १८० ला बंद होतं आणि दुसरं १८२ नंतर उघडतं. एका मुक्कामात हे जमत नाही, पण वर्षात दोन मुक्काम केले तर? बाहेर जायचं, परत यायचं, आणि बेरीज १८२ च्या पुढं न्यायची. लोकांनी तेच केलं आणि सांगितलं, आम्ही आता राहणारे झालो.

२००९ च्या सुरुवातीला केंद्र सरकारनं जाहीर खुलासा करून ही वाट बंद केली. म्हणणं असं होतं की नुसते १८२ दिवस भरून भागत नाही. कायद्यात दुसरी अट आहे, अनिश्चित काळ राहण्याचा हेतू. आणि पर्यटक व्हिसा तर ठरावीक मुदतीचाच असतो, मग त्यावर आलेल्याचा हेतू अनिश्चित काळ राहण्याचा असूच कसा शकतो? गोव्यात बऱ्याच खरेद्या चौकशीत सापडल्या. घर घेतलेल्या माणसाला विचारलं जात होतं की तुझा हेतू काय होता. त्यानं "इथंच राहायचा होता" म्हणावं तर व्हिसा खोटा ठरतो, आणि "फिरायचा होता" म्हणावं तर घर बेकायदा. काही विकणाऱ्यांनी आणि दलालांनी हे माहीत असूनही व्यवहार करून दिले असणार, असं माझं मत आहे.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरा नियम आला, तो कोरेगाव पार्कातून जाणारा आहे.

ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागोत डेव्हिड हेडलीला अटक झाली. मूळ नाव दाऊद गिलानी. २००६ मध्ये नाव बदलून तो भारतात येत-जात राहिला आणि २६/११ साठी मुंबईतल्या जागांची टेहळणी करत राहिला. हल्ल्यानंतरही, मार्च २००९ मध्ये, तो पुण्यात येऊन गेला, कोरेगाव पार्कातल्या छाबड हाऊसची पाहणी केली. पाठोपाठ फेब्रुवारी २०१० मध्ये तिथल्याच जर्मन बेकरीत स्फोट झाला, १७ जण गेले.

हेडलीचं जाणं-येणं उघड झाल्यावर गृहखात्याचं लक्ष वारंवार आत-बाहेर करणाऱ्या परदेशी लोकांकडं गेलं. तोवर चाल ठरलेली होती. पाच किंवा दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा, एका वेळी १८० दिवस. मुदत संपत आली की नेपाळ नाहीतर श्रीलंका, दोन-चार दिवस, परत नवा शिक्का, नवे १८० दिवस. पुण्यात ध्यान करणारे, गोव्यात हिवाळा काढणारे, ऋषिकेशला योग शिकणारे असे अनेक जण हे करत. २००९ च्या अखेरीस नियम आला की पर्यटक व्हिसावरच्या दोन मुक्कामांमध्ये किमान दोन महिन्यांचं अंतर हवं.

काठमांडूला सहज म्हणून गेलेले लोक तिथंच अडकले. सामान पुण्यात, खोलीचं भाडं चालू, आणि माणूस दोन महिने दाराबाहेर. सहलीत नेपाळला जाऊन दिल्लीहून परतीचं विमान पकडणारे साधे पर्यटकही कात्रीत सापडले. मग त्यांच्यासाठी आधी प्रवासाचा तपशील दाखवला तर सूट, अशी वेगळी सोय करावी लागली. ब्रिटन-अमेरिकेनं नाराजी कळवली. तेव्हाचे परराष्ट्र राज्यमंत्री शशी थरूर यांनी ट्विटरवर उघड शंका घेतली. मुद्दा असा की २६/११ चे मारेकरी समुद्रातून आले, त्यांनी काही व्हिसा काढला नव्हता. मंत्र्यानं स्वतःच्याच सरकारच्या निर्णयावर ट्विट केलं म्हणून तेव्हा मोठा गदारोळ झाला.

पण खरी मेख वेगळीच आहे. हेडली पर्यटक व्हिसावर नव्हताच. त्याच्याकडं होता बिझनेस व्हिसा. म्हणजे ज्याच्यामुळं नियम आला त्याला तो लागूच पडला नसता, आणि ज्यांना लागला ते विपश्यना करणारे आणि पेन्शनर. २०१२ च्या अखेरीस हा नियम काही देशांचे नागरिक वगळता मागं घेतला गेला. माझ्या मते तो टिकणारच नव्हता. दोन महिन्यांचं अंतर ठेवून माणसाचा हेतू बदलत नाही, फक्त तिकिटाचा खर्च वाढतो.

आता थोडं माझ्या कामातलं. एपीआयवर किती वेळा विचारणा करता येईल याची मर्यादा घालायची असते, तेव्हा दोन रीती असतात. एक, ठरावीक खिडकी. दर तासाला मोजणी शून्यावर. दुसरी, सरकती खिडकी. कुठल्याही क्षणी मागं वळून बघायचं की गेल्या तासाभरात किती झाल्या. पहिल्या रीतीत एक भोक असतं. तासाच्या शेवटच्या मिनिटाला सगळा कोटा वापरायचा, आणि पुढच्या तासाच्या पहिल्या मिनिटाला परत सगळा. दोन मिनिटांत दुप्पट.

युरोपात शेंगेन देशांच्या नियमात नेमकं हेच भोक होतं. आधीचा नियम, पहिल्या प्रवेशापासून सहा महिन्यांत तीन महिने. म्हणजे पहिल्यांदा एखाद-दोन दिवस जाऊन यायचं, मग सहा महिन्यांच्या शेवटाकडं जाऊन जवळपास तीन महिने राहायचं, आणि खिडकी बदलली की लगेच आणखी तीन. २००६ मध्ये एका रोमानियन नागरिकाचं असं प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. न्यायालय म्हणालं, हो, शब्दांचा अर्थ असाच निघतो. नको असेल तर कायदा बदला. तो बदलला १८ ऑक्टोबर २०१३ ला, 'कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस'. सरकती खिडकी! आज शेंगेन देशांबाहेर एक दिवस जाऊन आल्यानं काहीच शून्यावर येत नाही. आणि ऑक्टोबर २०२५ पासून तिथं शिक्क्यांऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे घेणारी संगणकी नोंद टप्प्याटप्प्यानं सुरू झाली, म्हणजे मोजायला अधिकाऱ्याला पानंही उलटावी लागणार नाहीत.

थायलंडनं साधाच उपाय केला. तिथं व्हिसाशिवाय राहणारे परदेशी लोक दर महिन्याला सीमेवर जाऊन यायचे. २०१४ मध्ये यावर कडक कारवाई झाली आणि २०१६ च्या शेवटी नियम आला की व्हिसाशिवाय जमिनीवरच्या सीमेनं वर्षातून दोनदाच आत येता येईल. आपली पोरं लॅपटॉप घेऊन तिकडं जाताहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. भारतानंही आता वर्षभराच्या आणि पाच वर्षांच्या ई-पर्यटक व्हिसावर एका कॅलेंडर वर्षात एकूण १८० दिवसांची मर्यादा घातलीय. गोव्यातल्या बेरजेचा खेळ त्या व्हिसावर तरी संपला.

आता अमेरिका आणि आईचा कॅनडा.

भारतीयांना अमेरिकेचा बी-२ व्हिसा सहसा दहा वर्षांचा मिळतो. त्यावरून घरात गैरसमज होतो की दहा वर्षं राहता येतं. जमैकाचे बारा तास आठवा. व्हिसा दारापर्यंतचा. मुक्कामाची तारीख आय-९४ या नोंदीत असते, आणि ती विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, सहसा सहा महिने. २०१३ पासून ही नोंद बहुतेकांसाठी ऑनलाइनच असते, त्यामुळं पासपोर्ट उलटून-पालटून बघण्यात अर्थ नाही. संकेतस्थळावर जाऊन बघायची.

कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांच्या आतली चक्कर मारून आलं, तर साधारणपणे जुनी आय-९४ च पुढं चालते. जुनीच तारीख. नवे सहा महिने हा हक्क नाही. एखादा अधिकारी नवी तारीख देईलही, पण मुदत संपायला चार दिवस असताना नायगाऱ्याहून परत येणारी आजी त्याला दिसली, तर तो तोच प्रश्न विचारणार जो १९८१ च्या फॉर्मवर होता. फिरायला आलात की राहायला? शिवाय भारतीयाला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो, हे त्या 'एक जण म्हणाला' वाल्यानं सांगितलेलं नसतं.

जास्त राहायचं खरं कारण असेल, म्हणजे सुनेचं बाळंतपण लांबलं, वडलांचं ऑपरेशन झालं, तर त्यासाठी सरळ रस्ता आहे. आय-५३९ नावाचा अर्ज. मुदत संपायच्या आत करायचा, कारण खरं लिहायचं, कधी परतणार आणि खर्च कोण करणार ते दाखवायचं. वेळेत केलेला अर्ज प्रलंबित असेपर्यंत तिथं थांबता येतं. तो नाकारला गेला तर मात्र लगेच निघावं लागतं.

आणि न विचारता थांबलं तर? एक दिवस जरी जास्त झाला तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द ठरतो. १९९६ च्या कायद्यानं पुढची शिक्षा ठरवलीय. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून निघालात तर तीन वर्षं बंदी, एक वर्ष किंवा जास्त असेल तर दहा वर्षं. साठीतल्या बाईसाठी दहा वर्षं म्हणजे नातवंडाची पहिलीपासून दहावीपर्यंतची सगळी शाळा. चार दिवसांच्या हिशोबाच्या घोटाळ्यात हे घालवू नका. परतीचं तिकीट आय-९४ च्या तारखेच्या निदान आठवडाभर आधीचं काढा. विमानं रद्द होतात, माणसं आजारी पडतात.

आपल्याकडचं शेवटचं वळण. २०१८ पासून परदेशी नागरिकांना मुदतवाढ, नोंदणी वगैरे कामं ई-एफआरआरओ या संकेतस्थळावरून करता येतात, पोलीस कचेरीच्या बाकड्यावर दिवस काढावा लागत नाही. आणि १ सप्टेंबर २०२५ ला इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांबद्दलचा नवा कायदा लागू झाला. १९२०, १९३९ आणि १९४६ चे ते तिन्ही जुने कायदे, आणि २००० सालचा विमान-जहाज कंपन्यांच्या जबाबदारीचा एक, असे चारही त्यानं रद्द केले. पण मुक्कामाला ठेवणाऱ्यानं कळवायचं, ही जबाबदारी तशीच राहिली.

आहुप्यात आणि आसपासच्या वाड्यांत ट्रेकरना घरी जेवण-मुक्काम देणारी घरं आता बरीच झालीत. त्यांच्यासाठी हे खास सांगतो. घोळक्यात एखादा जर्मन किंवा फ्रेंच पाहुणा असला, तर ज्याला वर्षानुवर्षं 'फॉर्म सी' म्हणत आले ती माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरायची असते. मोठं हॉटेल असो की शेणानं सारवलेली पडवी, नियम एकच. पासपोर्टचं पान आणि व्हिसाचं पान यांचा फोटो पाहुणा आल्याआल्या काढून ठेवा, कारण सकाळी सहालाच ही मंडळी कड्याकडं निघतात. आणि फॉर्म भरायला रेंज कुठं येते, हे गावात कुणालाही विचारा.

पुढच्या भागात नाणेघाटातल्या शिलालेखातली नागनिका राणी. भेटू.